लॅब्रॅडॉरनं आंब्याची कोय गिळली, एक्स-रेत काही दिसत नाही: वाट किती बघायची?

ताई, आधी एवढंच वाचा, बाकीचं गाडीत बसल्यावर वाचलं तरी चालेल. कुत्रीच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नसेल तर आजची रात्र घरात काढू नका. निघायच्या आधी बेळगावातल्या दवाखान्यांना फोन लावा आणि दोन गोष्टी विचारा: कुत्र्याच्या पोटाची सोनोग्राफी होते का, आणि आतड्याचं ऑपरेशन तिथंच होतं का. दोन्हीला 'होय' म्हणतील तिथं थेट जा. तिला खायला काही घालू नका, तोंड उघडून पाणी ओतू नका, आणि त्याच जातीच्या आंब्याची एक कोय पिशवीत टाकून बरोबर न्या.

प्रश्न काय होता ते इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताई खानापूर तालुक्यातल्या, कुत्री अडीच वर्षांची लॅब्रॅडॉर. शनिवारी घरात आमरस झाला, मागच्या दारी ठेवलेल्या बादलीतली एक कोय तिनं अख्खी गिळली, मुलानं बघितलं. रविवारी कुत्री जेवली, खेळली. सोमवारी संध्याकाळपासून ओकायला लागली. मंगळवारी डॉक्टरांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. रात्र शांत गेली आणि बुधवारी सकाळपासून पाणी प्यायलं की पाच मिनिटांत बाहेर. सासूबाई म्हणतात एरंडेल पाजा, शेजारी म्हणतात मिठाचं पाणी पाजून ओकवा, दीर म्हणतात चार केळी चारा, आपोआप पडेल. ताईंनी विचारलंय की एक्स-रेत काही नाही म्हणजे कोय पडून गेली का, आणखी किती दिवस थांबायचं, आणि ऑपरेशन झालंच तर पुढं काय.

कोय पडून गेली असं समजू नका. एक्स-रेत हाड दिसतं, दगड दिसतो, नाणं, सुई, बॅटरी दिसते. कोय, मोजा, प्लॅस्टिकची पिशवी, बरंचसं रबर, लाकूड, दाणे खाऊन उरलेला कणसाचा दांडा हे बहुतेक वेळा दिसतच नाही, कारण त्यांची घनता पोटातल्या मांसापाण्याच्या घनतेपेक्षा फारशी वेगळी नसते. म्हणून अशा वेळी आम्ही फिल्मवर कोय शोधत बसत नाही, कोयीनं आतड्याचं काय केलंय ते बघतो. वाट बंद झाली की अलीकडचं आतडं गॅसनं आणि पाण्यानं फुगतं, पलीकडचं रिकामं राहतं. एकाच पोटात काही वेटोळी जाड आणि काही बारीक दिसली की शंका बळावते. मोजायची एक पद्धतही आहे: फुगलेल्या लहान आतड्याची रुंदी कमरेच्या पाचव्या मणक्याच्या उंचीच्या १.६ पटीपेक्षा जास्त भरली तर अडथळ्याची शक्यता पुष्कळ वाढते. त्यासाठी फिल्म एक काढून भागत नाही. कुत्र्याला दोन्ही कुशींवर आणि पाठीवर निजवून काढावी लागते, कारण डाव्या कुशीवर निजवलं की जठरातला गॅस आतड्याकडच्या तोंडाशी सरकतो आणि तिथं काही अडकलेलं असेल तर त्याची कड उठून दिसते. सोनोग्राफीत कोय चांगली सापडते. तिच्या यंत्राकडच्या बाजूला चकचकीत वक्र रेषा आणि त्यामागं काळी सावली पडते. तुमच्या कुत्रीला पहिली गरज आहे ती याची.

आणि ते इंजेक्शन. औषध वाईट नाही, मीही वापरतो. पण वाट बंद आहे की नाही हे ठरण्याआधी ते दिलं तर कुत्री शांत झोपते आणि घरच्यांना वाटतं उतार पडला. आतली कोय मात्र होती तिथंच असते. मंगळवारची रात्र शांत गेली ती औषधामुळं, हे धरून चाला आणि नव्या डॉक्टरांना त्या इंजेक्शनाचं नाव आणि वेळ नक्की सांगा. जुना केस पेपर घेऊन जा. आपल्याकडं तो कन्नडमध्ये लिहिलेला असला तरी औषधाचं नाव आणि मात्रा कुठल्याही डॉक्टरला कळते.

इतक्या वर्षांत फोनवर मी पहिला प्रश्न एकच विचारत आलोय: पाणी टिकतंय का? 'सकाळधरनं वकूलालंय' एवढ्यावरून मला काही ठरवता येत नाही, कुत्रं गवत खाऊनही ओकतं. पण अर्ध्या वाटीहून कमी पाणी ठेवलं, ते प्यायलं आणि तेवढंही बाहेर आलं, अर्ध्या तासानं पुन्हा तसंच झालं, तर मग ती घरी थांबायची केस राहत नाही. पाणी टिकत असेल, कुत्रं उठून दाराशी येत असेल, शी होत असेल, तर थोडा वेळ हातात असतो. हा फरक घरात कुणालाही करता येतो, त्याला यंत्र लागत नाही. त्याच्या जोडीला वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी आणि ओलसर हवी. बोटानं दाबल्यावर पांढरी पडते, बोट काढल्यावर साधारण दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. हिरडी चिकट, फिकट किंवा विटकरी झाली असेल, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलून ताणत असेल, पोटाला हात लावला की कण्हत असेल, तर वेळ संपत आलीय.

अडथळा जितका वर, म्हणजे जठराच्या जवळ, तितक्या उलट्या जोरात. अशा उलट्यांत नुसतं पाणी जात नाही, जठरातलं आम्ल, क्लोराइड आणि पोटॅशियमही जातं. म्हणून चांगला डॉक्टर अशा कुत्र्याला थेट टेबलावर घेत नाही, आधी सलाईन लावून रक्तातले क्षार सावरतो आणि मग भूल देतो. तिथं दोन-तीन तास गेले तर 'ऑपरेशनला उशीर लावतायत' म्हणून भांडू नका. तो वेळ वाया गेलेला नसतो.

आता घरचे उपाय. सासूबाईंचा राग येऊ देऊ नका, त्यांच्या जिवाला लागलंय म्हणूनच त्या सांगतायत. पण एरंडेल आतड्याला जोरानं ढकलायला लावतं, आणि पुढं वाट बंद असेल तर तो जोर आतड्याच्या ताणलेल्या, नाजूक झालेल्या भिंतीवर येतो. तिथं ती फाटू शकते. मिठाचं पाणी त्याहून वाईट. ते पोटात राहिलं तर रक्तातलं सोडियम वाढतं, कुत्र्याला झटके येतात, आणि आधीच पाणी आटलेल्या जनावरात हे फार लवकर होतं. केळ्यानं कोय ढकलली जात नाही. उलट भरलेल्या पोटावर भूल द्यावी लागली तर ओकलेलं फुप्फुसात जायची भीती. घरातल्या गोळ्यांना तर हातच लावू नका: माणसांची ब्रुफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला जखमा करते आणि मूत्रपिंड बिघडवते.

ओकवायचा उपाय खरा आहे, पण त्याची वेळ ठरलेली असते. वस्तू जठरात असते तोवर, म्हणजे बहुतेक वेळा गिळल्यापासून तास-दोन तासांत, डॉक्टर इंजेक्शन देऊन ओकवू शकतात, आणि मोजा, कापड, औषधांची पुडी अशा मऊ गोष्टींना ते चांगलं लागू पडतं. शनिवारी कोय गिळल्यावर लगेच तुम्ही फोन केला असता तर कोयीचा आकार बघून कदाचित तेच ठरलं असतं. टोकदार, धारदार वस्तू, बॅटरी, ॲसिड, फिनेल, रॉकेल यांत ओकवायचं नाही, आणि कुत्रं गुंगीत असेल तेव्हाही नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला घरी ओकवायचा विचारही नको. हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रमाण सांगणारे व्हिडिओ खूप फिरतात. त्यानं जठराचं अस्तर सोलवटलेलं मी बघितलंय. डॉक्टर फोनवर असल्याशिवाय ती बाटली काढू नका.

कोयीबद्दल आणखी एक, कारण एप्रिल-मे आला की आमच्या टेबलावर हीच येते. रस चिकटलेली कोय कुत्र्याला खाण्यासारखीच वाटते, आणि लॅब्रॅडॉर चावत नाही, गिळतो. कोय पचत नाही. कधी ती जठरात आठवडे-महिने पडून राहते, कुत्रं अधूनमधून ओकतं, वजन उतरतं, आणि एक दिवस ती पुढं सरकून लहान आतड्यात अडकते. त्यामुळं पावसाळ्यात आलेल्या ओकणाऱ्या कुत्र्याच्या मालकालाही मी 'उन्हाळ्यात आंबा दिला होता का' विचारतो.

ऑपरेशनमध्ये काय होतं ते सांगतो, म्हणजे सही करताना हात थरथरणार नाही. पोट मधोमध उघडून आतडं सगळं हातानं चाचपत बाहेर काढतात. कोयीच्या अलीकडची नळी फुगून जांभळट झालेली असते, पलीकडची चपटी आणि फिकी. कोय जिथं रुतलीय तिथली भिंत सर्वांत दुखावलेली असते, म्हणून छेद तिच्यावर घेत नाहीत, जरा पुढं, निरोगी भागावर घेतात आणि कोय हलक्या हातानं सरकवून तिथून काढतात. कोयीच्या केसाळ कडा अस्तराला चिकटून बसलेल्या असतात, ओढलं तर अस्तर सोलतं, त्यामुळं घाई चालत नाही. मग टाके, मग त्या जागेत थोडं सलाईन भरून गळतंय का ते बघणं, आणि वरून पोटातल्या चरबीच्या पडद्याचा तुकडा लपेटणं. आतडं काळं पडलं असेल, सुई टोचूनही रक्त येत नसेल, हालचाल नसेल, तर तेवढा भाग कापून दोन टोकं जोडावी लागतात. पहिल्या प्रकारातून कुत्री बहुतांशी चांगली उठतात, दुसऱ्यात धोका बराच वाढतो. आणि आतडं आधीच फुटून पोटात पू झाला असेल तर मी घरच्यांना वाचेलच असं सांगत नाही. या तिन्ही अवस्था एकाच कोयीच्या. मधे गेलेले दिवस तेवढे वेगळे.

मग थांबायचं कधी? वस्तू लहान, गुळगुळीत, कुत्र्याच्या मानानं बारीक असेल, आणि कुत्रं खातंय, पितंय, शी करतंय, तेव्हा. अशा वेळी दोन-तीन दिवस प्रत्येक शी प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन दाबून बघायची. किळस वाटते, पण वस्तू बाहेर आल्याचा तेवढाच पुरावा. धातूची वस्तू असेल तर एक्स-रे पुन्हा काढून ती पुढं सरकतेय का ते बघता येतं. मोठ्या कुत्र्यानं गिळलेलं रुपयाचं नाणं बऱ्याचदा असंच निघून जातं. नाण्यांबद्दल इंटरनेटवर जो घाबरवणारा मजकूर आहे तो मुख्यतः अमेरिकेच्या सेंटबद्दल आहे: १९८२ नंतरच्या त्या नाण्यात जवळजवळ सगळं जस्तच असतं, आणि जठरातल्या आम्लात ते विरघळून रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. आपल्याकडं तोच धोका जस्ताचा मुलामा दिलेल्या नटबोल्टचा आणि वायसरचा. कुत्र्यानं असलं काही गिळलं आणि लघवी लाल-तपकिरी झाली, तर लगेच या.

दोऱ्याचं प्रकरण मात्र वेगळं, आणि बेळगावात ते जास्त जपून बघावं लागतं. वडगाव, शहापूर, खासबाग, अनगोळ या भागांत घरोघरी माग आहेत, जमिनीवर रेशमाचे, जरीचे धागे पडलेले असतात. कुत्र्याचं पिल्लू खेळता खेळता गिळतं. धाग्याचं एक टोक जठराच्या तोंडाशी अडकतं, मांजरात बहुतेक वेळा जिभेच्या मुळाशी, आणि बाकीचा धागा आतड्यात उतरतो. आतडं त्याला पुढं न्यायला बघतं, धागा जात नाही, आणि नाडी ओढलेल्या परकरासारखं आतडं त्या धाग्यावर चुणत जातं. मग तो ताणलेला धागा आतल्या बाजूनं कापत सुटतो, कधी चार-पाच ठिकाणी. एक्स-रेत फुगलेली वेटोळी दिसत नाहीत, सगळं आतडं एका बाजूला गोळा झालेलं दिसतं, गॅसचे स्वल्पविरामासारखे बुडबुडे दिसतात. घरी करायचं ते इतकंच: तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा, मांजा, टेपचा तुकडा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. एक इंचही नाही. ओढलात तर आतली भिंत चिरली जाईल. मार्कंडेय किंवा मलप्रभेच्या काठी गळ गिळलेल्या कुत्र्याचंही तेच. दोरी ओढू नका आणि तोंडाजवळ कापूही नका, हातभर लांब ठेवून पट्ट्याला सैल बांधा, आम्हाला गळापर्यंत पोचायला ती उपयोगी पडते.

आता एक गोष्ट सगळ्यांनी नीट वाचा, विशेषतः खेड्यात राहणाऱ्यांनी. 'घशात हाड अडकलंय' म्हणून जी कुत्री येतात त्यांत काहींना हाड अडकलेलं नसतं, त्यांना पिसाळ असते. लाळ गळते, गिळता येत नाही, जबडा लोंबतो, भुंकणं घोगरं होतं, आणि घरचं माणूस प्रेमानं तोंडात हात घालून हाड शोधतं. रेबीज माणसाला असाही होतो. कुत्र्याला लस दिलेली नसेल, गेल्या काही महिन्यांत दुसरं कुत्रं, कोल्हा, मुंगूस चावल्याचा संशय असेल, वागणं बदललं असेल, तर तोंडात हात घालू नका, मुलांना लांब ठेवा आणि फोनवरच डॉक्टरला ही शंका सांगा. हात घातला गेलाच असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. कुत्र्याचं पुढं काय निघतं त्याची वाट बघू नका.

खरोखर हाड अन्ननलिकेत अडकलं असेल तर कुत्रं ओकत नाही, परत टाकतं: पोट न उचलता, जोर न लावता, खाल्लेलं घास तसेच बाहेर घसरतात. सारखं गिळायला बघतं, मान ताणतं. हाड बहुधा छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या वर किंवा जठराच्या अगदी अलीकडं रुततं. इथं दिवस नाही, तास मोजायचे, कारण भिंत लवकर कुजते आणि शेजारी फुप्फुसं आहेत. दुर्बिणीनं ते तोंडावाटे काढता येतं, किंवा जठरात ढकलता येतं, तिथं आम्ल हाडाला विरघळवतं. दुर्बीण प्रत्येक गावात नाही. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं, इकडच्यांनी बेळगावात विचारावं, नाही जमलं तर हुबळी-धारवाडची चौकशी करावी. डॉक्टरनं डॉक्टरशी बोललेलं बरं, म्हणून जिथं आहात तिथल्या डॉक्टरांनाच फोन लावायला सांगा.

श्वासच अडकला असेल तर प्रवास नाही, तिथंच काम. लहान कुत्रं मागचे पाय धरून उलटं करा. मोठ्याच्या मागं उभं राहून फासळ्यांच्या मागं, पोटाच्या मऊ भागावर दोन्ही मुठी ठेवून आत आणि पुढं चार-पाच झटके द्या. रबरी चेंडू घशात बसला असेल तर तोंडातून बोटं घालून तो आणखी आत जातो. गळ्याच्या बाहेरून, जबड्याच्या खाली दोन्ही अंगठे चेंडूमागं टेकवून तो पुढं तोंडाकडं ढकला. म्हणून कुत्र्याला चेंडू द्यायचा तर तो त्याच्या जबड्यात मागच्या दाढांपलीकडं जाणार नाही एवढा मोठा द्या.

रविवारी संध्याकाळी येणारा एक प्रकार आहे, त्यात घाबरण्यापेक्षा धीर जास्त लागतो. मटणाच्या नळीचा गोल तुकडा चाटता चाटता खालच्या जबड्यात बसतो, सुळ्यांच्या मागं अडकतो, आणि कुत्रं वेड्यासारखं पंजे मारत सुटतं. थोडं तेल लावून फिरवून बघा, सुळ्यांवरून निघाला तर निघाला. ओढाताण केली तर जबडा सुजतो आणि मग निघतच नाही. आम्ही थोडी गुंगी देऊन कटरनं तो कापतो.

दोन गोष्टींत एक मिनिटही थांबायचं नाही. एक, रिमोटमधली, गाडीच्या चावीतली बटणासारखी बॅटरी. अन्ननलिकेत ओल्या जागी बसली की तिच्यातून प्रवाह वाहतो, तिथं क्षार तयार होतो आणि भाजायला पंधरा मिनिटांत सुरुवात होते, दोन तासांत जखम खोल जाते. एक्स-रेत ती नाण्यासारखीच गोल दिसते, पण कडेला दुहेरी वर्तुळ असतं. नाणं की बॅटरी हा संशय असेल तर बॅटरी धरूनच पळा. दुसरी, तंबाखू. निपाणी भागात ती घरात, शेतात, पोत्यांत असते, आणि पुडी प्लॅस्टिकसकट गिळली जाते. तिथं अडथळ्याच्या आधी विष मारतं: तासाभराच्या आत लाळ, उलटी, थरथर, मग झटके. किती ग्रॅमची पुडी होती आणि किती उरलीय ते बघून घेऊन या.

गाईच्या पोटातून तार आणि प्लॅस्टिक काढणारे डॉक्टर आपल्या तालुक्यांत आहेत, त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. पण ते ऑपरेशन गाईला उभं ठेवून, जागा बधिर करून होतं. कुत्र्याला पूर्ण भूल, श्वासाची नळी आणि नंतर एक-दोन दिवस सलाईन लागतं. सोय नसेल तर ते स्वतःच पुढं पाठवतील, आणि पाठवतील तेव्हा नातेवाइकांना विचारत बसू नका. १९६२ या क्रमांकावर येणारी पशुवैद्यकीय गाडी मुख्यतः गाईगुरांसाठी आहे, अशा केसमध्ये तिची वाट बघत बसू नका. खर्चाचा अंदाज आधीच विचारा, त्यात संकोच नको: तपासण्या, भूल, ऑपरेशन आणि दवाखान्यात ठेवणं वेगवेगळं सांगा म्हणावं, आणि आतडं कापावं लागलं तर किती वाढेल तेही. गाडीत ओकणाऱ्या कुत्रीचं तोंड बांधू नका.

पुन्हा असं होऊ नये म्हणून काय, हे तुम्ही शेवटी विचारलंय. आंब्याच्या दिवसांत साली-कोयी झाकणाच्या डब्यात, आणि डबा उंचावर. उकिरड्यावर टाकायच्या असतील तर कुत्री बांधलेली असताना पुरा. पण त्याहून महत्त्वाचं: तोंडात काही धरलेल्या कुत्र्यामागं ओरडत धावू नका. अनेक वस्तू त्याच क्षणी गिळल्या जातात, कारण कुत्र्याला वाटतं कुणी हिसकावून घेतंय. जागेवर बसा, हातात चिकनचा तुकडा किंवा बिस्किट घ्या, तिला दाखवा. ती तोंडातलं टाकेल, तेव्हा 'सोड' म्हणा आणि तुकडा द्या. घरात काही अडचण नसताना चपलेवर, खेळण्यावर रोज हा सराव घ्या. मुलाला शिकवा, तो तुमच्यापेक्षा लवकर शिकवेल तिला.

ऑपरेशन झालं तर बहुधा दुसऱ्या दिवशीपर्यंत थोडं-थोडं खायला सुरू करतात. आता उपाशी ठेवून आतडं लवकर भरतं असं कुणी मानत नाही. घरी आल्यावर मऊ भात, बिनहाडाचं उकडलेलं चिकन कुस्करून, मसाला-कांदा-लसूण काही नाही, दिवसातून पाच-सहा वेळा मूठ-मूठ. आतड्याचा टाका गळायचा धोका सर्वांत जास्त असतो तो तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, नेमका घरच्यांना 'आता बरी झाली' वाटायला लागतं तेव्हा. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ताप बघा. १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, खाणं सुटलं, पोट ताठ झालं किंवा पुन्हा उलटी झाली, तर रात्री कितीही वाजले असले तरी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच फोन करा. बाहेरचे टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोवर टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली कॉलर काढायची नाही, जेवताना काढलीत तर समोर बसा आणि लगेच परत घाला.